काटा

कळमन्याच्या पलीकडे, मिरचीच्या सातऱ्यावर
पंचफुला मावशी देठ खुडते.
किलोला किती, ते सकाळीच ठरतं.
संध्याकाळी काटा येतो तेव्हा
ती पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहते,
सुई थरथरायची थांबेपर्यंत श्वास घेत नाही.

आज मी तिचा हिशोब घेऊन आले.
जानेवारी ते मार्च. चार पानं.
मोबाईल पुढे केला तर म्हणाली,
“तूच धर वो माय, माह्या हाताले तिखट आहे.”

गाणं तिनंच बांधलेलं, चालही तिची.
गड्डीगोदामच्या एका खोलीत, पंखा बंद करून
दीड वर्षापूर्वी मी ते रेकॉर्ड केलं.
त्याआधी तिचा आवाज एकदाच विकला गेला होता.
कॅसेटवाल्यानं तीनशे रुपये दिले, एक पातळ,
आणि कव्हरवर छापलं ‘पंचकला’.
पातळ तिनं फाटेस्तोवर नेसलं.

तर.
नऊ हजार तीनशे सोळा वेळा ऐकलं गेलं.
“बाप्पा!” म्हणाली,
आणि पलीकडच्या ढिगावर ओरडून सांगितलं, नऊ हजार!
देवकाबाई तिकडे शिंकली.
रुपये चारशे एकोणऐंशी, पैसे बावीस.
“एका येळचे?”
नाही मावशी. सगळ्याचे.

मग समजावत बसले.
एका गाण्याला असा ठरलेला भाव नसतो.
महिन्याचा सगळा पैसा एकाच ढिगात पडतो,
कंपनी आपला वाटा काढून घेते,
उरल्यात ज्याचं जितकं ऐकलं, तितकं त्याचं:
कुणाची पोती, आपली चिमूट.
चिमटीतूनही मधल्या माणसाचं काही जातं.
“अडत,” ती म्हणाली.
हो, अडत.
हजार भरल्याशिवाय खात्यात यायचे नाहीत.
आणि तीस सेकंदांच्या आत कुणी गाणं बदललं
तर ते ऐकणं धरतच नाहीत.
“तीस सेकंदात त मी नुसती हाक देतो!”

ती हसली. मीही.
मग हात न थांबवता विचारलं,
“काटा कोनापाशी आहे?”
काय?
“मोजते कोन?”
तेच.
“अन तू पाह्यला?”

इतवारीतल्या तीन दुकानांचा जीएसटी मी भरते,
एक पैसा जुळला नाही तर रात्री उठून बसते.
चार पानं पुन्हा चाळली.
काटा कुठल्याच पानावर नव्हता.

शेवटच्या पानावर गावं होती.
नागपूर, बालाघाट, पुणे, रायपूर,
दोन गावं मला वाचताच आली नाहीत,
आणि दोहा: ऐकणारा एक, वेळा दोनशे चौदा.

तेव्हा तिचा हात थांबला.
“हे कोन होय?”
नाव येत नाही त्यात.
“रात्री आयकते का दिवसा?”
तेही येत नाही.
“पैसे भरते का थो?”
भरत असेल, महिन्याचे.
“मंग थे त माहे.”
नाही. तेही ढिगात.
“त्यानं दुसऱ्याचं आयकलंच नसन, तरी?”
तरी.

तिनं एक मिरची उचलली, देठासकट परत टाकली.
“माह्या पानात वाढाले आनलं त्यानं,” ती म्हणाली,
“अन गेलं साऱ्या पंगतीले.”

बराच वेळ खुडत राहिली.
चारशे एकोणऐंशीचं पुन्हा काढलं नाही,
दोह्याचं मात्र दोनदा:
तिकडे ऊन कसं असते, आपल्यासारखंच का.
मग म्हणाली, लाव एकदा.

लावलं.
लाल धुळीवर तिची हाक उठली,
देवकाबाईनं नाकावरचा पदर खाली घेतला,
कोपऱ्यातल्या पोट्ट्यानं मान वळवली,
हाक वर चढत होती, अजून शब्द आला नव्हता,
आणि फाटकातून कुणी ओरडलं, काटा आला, काटा!

बाया भराभर उठल्या.
“बंद कर, बंद कर,” मावशी पदर खोचत म्हणाली.
मी बोट ठेवलं.
पडद्यावर अठ्ठावीस सेकंद झाले होते.
ती सुईकडे बघत होती.